आईबाप तोडीला गेलेली लेकरं: शाळेत त्यांचं कोण?

बालाघाटचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिक्षक आहे. सातवीपर्यंतची शाळा, पट ११२. त्यातल्या ६१ लेकरांचे आईवडील सध्या ऊसतोडीला गेलेत, कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी कर्नाटकात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात, दिवाळी सरते तसं गाव रिकामं होतं. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं एवढंच उरतं. लेकरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. दोन वेळचं जेवण, रात्रीचा अभ्यास; झोपायला बरीचशी आजीकडं जातात. हे वसतिगृह नसतं तर यातली कितीतरी आईबापाबरोबर फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेली असती आणि शाळेतून कायमची तुटली असती, म्हणून त्याचं मोल मी जाणतो. पण पोट भरलं, पाढे पाठ झाले, तरी लेकराचं काहीतरी राहूनच जातं. त्यासाठी हा धागा काढतोय.

यंदा सहावीतला एक मुलगा रोज संध्याकाळी पोट दुखतं म्हणायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तपासलं, जंताची गोळी झाली. फरक नाही. दिवसभर खेळायचा आणि सात वाजले की पोट धरून ओट्यावर बसायचा. दहा-बारा दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की सातलाच वसतिगृहात मोबाइल फिरतो. आईबापाचे फोन येतात, लेकरं पाळीपाळीनं बोलतात. याच्या वडिलांचा फोन येणंच बंद झालं होतं. त्यांचा फड बदलला होता आणि नव्या ठिकाणी रेंज नव्हती. त्याला वाटत होतं, तिकडं काहीतरी वाईट झालंय आणि आपल्याला कुणी सांगत नाही. त्यानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मी त्याला ओवा चारत राहिलो.

शेवटी मुकादमाचा नंबर शोधून निरोप धाडला. रात्री साडेनऊला वडील दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलले. चार दिवसांत पोटदुखी गेली.

एक चूकही सांगतो. त्याआधी मी परिपाठात ‘मनातलं बोला’ असा उपक्रम सुरू केला होता. रोज एकानं उभं राहून आपल्या मनातलं सगळ्यांसमोर सांगायचं. चौथीतली एक मुलगी आईचं नाव घेऊन रडायला लागली, पोरं तिच्याकडं बघत राहिली. ती पुढं तीन दिवस शाळेत आली नाही. मी तो उपक्रम तिथंच थांबवला. हेतू चांगला होता, पण लेकराला सगळ्यांपुढं उघडं पाडलं मी.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला या विषयावर बोलायचंय. तुम्ही शाळेत, घरात प्रत्यक्ष काय केलं, काय जमलं, काय फसलं ते लिहा.

कोपीवरची_लेक

सर, तुमचं वाचून दोनदा मोबाइल खाली ठेवला. मी धारूर तालुक्यातली, आता पुण्यात नर्स आहे. माझे आईवडील चौदा हंगाम कोयत्यावर होते. तिसरीपर्यंत मी त्यांच्याबरोबर जायचे, पाचटात धाकट्या भावाला सांभाळायचे. चौथीपासून आजीकडं राहिले.

मला शाळेतलं सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? निबंध. दिवाळीची सुट्टी संपली की वहीत ‘मी दिवाळी कशी साजरी केली’. आमच्याकडं दिवाळी म्हणजे आईनं भांडी पोत्यात भरायची, आणि पहाटे गाडी वाजली की आम्ही झोपेचं सोंग घ्यायचं. उठलो तर आईला जाववणार नाही, हे मला आणि भावाला न सांगता कळलेलं. ते काय निबंधात लिहायचं? मी दुसऱ्या एखाद्या मुलीच्या वहीतून तिची दिवाळी उतरवून काढायचे. कृपा करून निबंधाला दुसरा विषय द्या. आंब्याचं झाड द्या, बैल द्या.

आणि मला कुणी सावरलं तर स्वयंपाकाच्या मावशींनी. त्या दर रविवारी मला जवळ बसवून तेल लावून वेणी घालायच्या. काही विचारायच्या नाहीत. पण केस विंचरताना मीच बोलायचे. आठवड्याचं सगळं त्या अर्ध्या तासात निघायचं. त्यांच्यामुळं मला वाटायचं की मी उद्या आले नाही तर मावशींना कळेल.

मंठ्याचा_शेतकरी

राम राम. राग मानू नका, पण लेकरांना एवढं जपणं बरं नाही. आम्ही दुष्काळात वाढलो, पाण्यासाठी रात्री टँकरच्या रांगेत बसलो, आमच्या मनाला कुणी विचारलं? तरी उभे राहिलो. शाळेनं गणित आणि इंग्रजी पक्कं करावं. मनाचं घरचे बघतील.

बालाघाटचा_मास्तर

दादा, राग कशाचा. पण घरचे साडेचारशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत, तिथंच तर अडलंय. आणि गणिताचं म्हणाल तर ते पोरगं पोट धरून बसलं ते नेमकं रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी. त्या पंधरवड्यात आमचे अपूर्णांक झाले. त्याचे अजून कच्चे आहेत.

समुपदेशक_खडकी

मी छत्रपती संभाजीनगरला शाळा-महाविद्यालयांत समुपदेशनाचं काम करते. मास्तर, तुम्ही आधी डॉक्टरकडं नेलंत हे बरोबर केलंत. पोट, डोकं, छातीत धडधड, पुन्हा अंथरूण ओलं होणं, हे लेकरांचं बोलणंच असतं. ‘मला काळजी वाटते’ असं म्हणायला जे शब्द लागतात ते दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडं नसतात. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे लेकरू खोटं बोलतंय असं नव्हे. दुखतं ते खरंच दुखतं.

निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेनं केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. म्हणजे चाळिसाच्या वर्गात तिघं. दंगा करणारा लगेच नजरेत भरतो. मागच्या बाकावर गप्प बसणारं, वही नीट ठेवणारं लेकरू सुटतं, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो. मी शिक्षकांना एवढंच सांगते की बदल बघा. बोलकं होतं ते गप्प झालं, खेळायचं ते कडेला उभं राहायला लागलं, डबा तसाच परत जायला लागला.

विचारायचं कसं? समोर उभं करून ‘काय झालं तुला?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही’. शेजारी बसून, हाताला काही काम असताना विचारा. वह्या लावता लावता, झाडांना पाणी घालताना. ‘चार दिवस झाले, तू डबा उघडत नाहीस’ असं जे दिसलं तेवढंच बोला आणि थांबा. लगेच उपदेश सुरू करू नका. वरच्या मावशींनी हेच केलं, वेणी घालताना.

आता एक जोखमीची बाब. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन लेकराला कधीच देऊ नका. त्यानं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा आहे. म्हणून आधीच म्हणा, ‘तुला सुरक्षित ठेवायला गरज पडली तर मी योग्य माणसालाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’

आणि कुणी ‘जगून काय करू’ अशी भाषा केली तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट लेकराला हायसं वाटतं की कुणीतरी ऐकायला तयार आहे. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहेच. बीडकडच्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, तिथं मनोविकार विभाग आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात, पण शाळांना त्याची खबरच नसते.

जिंतूरच्या_बाई

मी दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोघीजणी, शिवाय शालेय पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. समुपदेशक ताई म्हणतात ते सगळं पटतं, पण मनापासून सांगते, थकायला होतं. २०२० मध्ये प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक आरोग्यदूत करायचं ठरलं, २०२२ मध्ये मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली, २०२४ मध्ये दप्तराविना उपक्रमांचा आनंददायी शनिवार. एकही योजना वाईट नाही. पण प्रत्येकीचा फोटो आणि अहवाल पाठवता पाठवता ज्या लेकरासाठी ती आली त्याच्याजवळ बसायला वेळ उरत नाही. मास्तर, परिषदेत हेही मांडा. शिक्षकाचं स्वतःचं मन ठिकाणावर नसेल तर तो वर्गात काय देणार?

एक मात्र टिकलं. मी आधी बीड जिल्ह्यात होते. २००९ साली तिथल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात माझी शाळा होती. पुस्तिका आता सापडणार नाहीत, पण जोडीत बोलायची सवय मी सोडली नाही. सगळ्यांसमोर न बोलणारं लेकरू शेजारच्याशी बोलतं. ‘आज येताना रस्त्यात काय दिसलं’ इतकाच प्रश्न, दोन मिनिटं. मग जोडीदारानं त्याचं सांगायचं. यात कुणी उघडं पडत नाही आणि आपलं कुणीतरी ऐकलं हे लेकराला कळतं. तुमच्या ‘मनातलं बोला’च्या जागी हे करून बघा.

शेजारच्या माध्यमिक शाळेतल्या मुलींचं वेगळंच असतं. आमचा परभणी जिल्हा बालविवाहात राज्यात पुढं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथं ४८ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. आठवी-नववीतली पोरगी ‘पाहुणे आलते’ म्हणून दोन दिवस घरी राहिली आणि परत येऊन गप्प बसली, की मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी चहाला जाते. काही बोलायला नाही, फक्त जाते. एकदा १०९८ ला फोन करावा लागला. ती मुलगी आज बारावीला आहे. तिच्या बापानं दीड वर्ष माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते मी सोसलं.

लातूरची_मेसवाली_काकू

मला लिहिता येत नाही नीट, पोरीला सांगून लिहून घेऊलाले. मी लातूरला मेस चालविते, चाळीस डबे हायेत. सगळे नीटवाले, डॉक्टरकीच्या परीक्षेचे. नांदेड, देगलूर, मुखेड, कुठून कुठून आलेली लेकरं. मला त्यांच्या अभ्यासातलं काही कळत नाही, पण टेस्टचा निकाल लागला की कुणाचा डबा तसाच परत येतो ते मला कळतं.

एका पोराचा डबा तीन दिवस न उघडता आला. मी रूमवर गेले. दिवा बंद करून पडलेला. म्हणलं, ‘जेवूलालास की नाही तेवढं सांग, मार्काचं मला सांगू नको.’ भिंतीकडं तोंड करून रडला. मी तिथंच बसून राहिले, भात कालवला, चार घास खाल्ला. मग त्याच्या माईला फोन लावला. बाप दुसऱ्या दिवशी एष्टीनं आला, दोन दिवस त्याच्याजवळ राहिला. बापाला म्हणलं, पैशाचा विषय काढू नका आता. आता ते पोरगं परभणीला कृषीला हाय. पोळ्याला भेटून गेलं.

क्लासवाल्यांनी मेसवाल्यांचे, रूममालकांचे नंबर ठेवावेत. आम्हाला आधी कळतं.

दुसरा_अटेम्प्ट

काकूंनी लिहिलेला पोरगा मी नाही, पण मी असू शकलो असतो. दोन वर्षं रिपीट केलं. माझ्या क्लासमध्ये दर टेस्टनंतर बॅच बदलायची. भिंतीवर यादी लागायची, वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला उरलेले. मी खाली घसरलो त्या रविवारी घरी फोनच केला नाही. वडिलांनी माझ्यासाठी वावर गहाण टाकलं होतं. मार्क कमी आले की मला प्रत्येक मार्कामागं वावराचा एक तुकडा दिसायचा.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. पालकांना माहीत व्हावं म्हणून लिहितो: २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, आणि मार्कांवरून बॅचेस पाडणं, चारचौघांत अपमान करणं टाळावं. खासगी क्लासेसनाही हे लागू आहे. प्रवेश घेताना फीबरोबर एवढंही विचारा, तुमचा समुपदेशक कोण, कुठं बसतो, पोरं त्याच्याकडं जातात का?

कयाधू_काठ

मी हिंगोली जिल्ह्यातली. मालकांनी तीन वर्षांपूर्वी जीव दिला. कर्ज होतं, जास्त लिहीत नाही. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तेराव्यानंतर ती शाळेत गेली त्या दिवशी वर्गात तिला उभं करून सांगितलं गेलं, ‘हिचे वडील वारले, हिला कुणी त्रास देऊ नका.’ मायेनंच सांगितलं असेल. पण घरी येऊन ती म्हणाली, आई, आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

पुढच्या वर्षीच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात मला बोलावून विचारलं, ‘वर्गात काय सांगू, काय नको, ते तुम्ही आणि ती ठरवा.’ लेकीनं ठरवलं, काहीच सांगू नका, फक्त फॉर्मवर वडिलांची सही मागायची वेळ आली तर मला एकटीला बोलवा. बाईंनी ते वर्षभर पाळलं. एवढ्यानं मुलगी सुधारली असं म्हणणार नाही, पण शाळेत जायला लागली.

शिक्षकांनी आणखी एक करावं. एकल पालकांच्या लेकरांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मला हे दोन वर्षांनी कळलं, तेही बाजारात एका बाईकडून. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा असतो. शाळेला आधी माहीत असतं कुणाचा बाप गेला. त्याच महिन्यात सांगा. घरात किराणा आला की लेकराच्या तोंडावर दिसतं.

किल्लारीचा

३० सप्टेंबर १९९३ ला मी पाचवीत होतो. गणपती बुडवून झोपलो होतो, पहाटे चारच्या आत भूकंपात सगळं गेलं. आईवडील वाचले, बहीण गेली. त्या वेळी अनाथ झालेली आणि खचलेली बाराशेच्या आसपास लेकरं भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेली, माझा एक चुलतभाऊ त्यात होता. आम्ही मागं राहिलो, पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत.

आमच्या गुरुजींनी पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडलं नाही. शेडभोवतीची जमीन सपाट करून घेतली, प्रत्येकाला एक कडुलिंबाचं रोप दिलं. सकाळी आलं की आपल्या झाडाला तांब्याभर पाणी. रोज तेच, त्याच वेळी. एक दिवस खड्डा खणता खणता गुरुजी म्हणाले, ‘मला अजून पहाटे चारला जाग येते. मग मी बाहेर येऊन बसतो.’ आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आम्हा सगळ्यांना चारला जाग येत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच भित्रे. त्या दिवशी पोरं बोलायला लागली.

२०२५ च्या सप्टेंबरात परांडा-भूमकडं पुरात घरं गेली, दप्तरं गेली, जनावरं गेली. त्या शाळांतल्या शिक्षकांना माझं हेच सांगणं आहे. राहिलेला अभ्यास नंतर मागा. आधी रोजची एक ठरलेली गोष्ट द्या.

मंठ्याचा_शेतकरी

परत आलो. सगळं वाचलं. रात्री धाकट्याला विचारलं, शाळेत तुझं कोण आहे रे? मला वाटलं सरांचं नाव घेईल. म्हणाला, शिपाई मामा. का, तर पावसाळ्यात चप्पल तुटली तेव्हा त्यांनी तारेनं बांधून दिली. मला चप्पल तुटल्याचं माहीतच नव्हतं.

बालाघाटचा_मास्तर

उशिरा लिहितोय, पण तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. परिषद परवा झाली. तिथं काय बोललो ते सोडा, शाळेत काय केलं ते सांगतो.

आम्ही चार शिक्षक आणि दोन स्वयंपाकी मावशी शनिवारी दुपारी बसलो. ११२ नावांची यादी भिंतीवर लावली. ज्या लेकराबद्दल मार्क आणि हजेरी सोडून काही एक गोष्ट ठाऊक आहे, त्याच्या नावापुढं प्रत्येकानं खूण करायची. कुणाला कुत्रं आवडतं, कुणाची आजी आजारी आहे, कुणाला वांगं चालत नाही, काहीही. मावशींच्या खुणा आम्हा शिक्षकांपेक्षा जास्त निघाल्या. आणि नऊ नावांपुढं एकही खूण नव्हती. नऊच्या नऊ लेकरं गुणी, गप्प, वह्या पूर्ण असलेली. त्यातली सहा आईबाप तोडीला गेलेली.

ती नऊ नावं आम्ही वाटून घेतली. कुणाला काही सांगितलेलं नाही. रोज त्या लेकराशी एक तरी वाक्य बोलायचं, अभ्यासाचं सोडून. दिवाळीचा निबंध काढून टाकला. परिपाठात जोडीत दोन मिनिटं सुरू झाली. फोनची वेळ बुधवार-रविवार अशी पक्की केली, आणि प्रत्येक टोळीच्या मुकादमाचा नंबर रजिस्टरला घेतला. फोन आला नाही तर तिसऱ्या दिवशी आम्ही लावायचा, लेकरानं मागायची वाट बघायची नाही. रिचार्जचं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवतोय. तोवर आम्ही वर्गणी काढलीय.

व्हरांड्यात एक मोठा नकाशा लावलाय. ज्याचे आईबाप ज्या कारखान्यावर आहेत तिथं त्यानं टाचणी टोचायची. पोटदुखीवाल्या पोरानं काल त्याची टाचणी काढून बोटभर खाली, कृष्णेच्या पलीकडं टोचली. म्हणाला, सर, बापूची टोळी हलली, रात्री फोन आलता.

जिंतूरच्या बाई, अहवालाचं मी मांडलं. केंद्रप्रमुखांनी लिहून घेतलं. पुढं काय होतं ते कळवतो.

कोपीवरची_लेक

सर, त्या नऊ जणांत मुली किती आहेत? मार्चमध्ये गावी येतेय. एक रविवार शाळेत येऊ का, तेल आणि फणी घेऊन?

बालाघाटचा_मास्तर

पाच. या.